कणाने वेळ कुणाचा घ्यायचा

९ जानेवारी

मावशी,

नमस्कार आधीच केलाय असं समज, कारण मला मुद्द्यावर यायची घाई आहे. फोनच करणार होते, पण फोनवर आपण दोघी एकमेकींचं वाक्य कधी पूर्ण होऊ देत नाही. पत्रात निदान तुला मला मध्येच तोडता येणार नाही.

तुझ्या हाताचं आईकडून कळलं. डाव्या तळहातातली शीर आखडून बोटं आत ओढली जातायत, एप्रिलमध्ये ऑपरेशन ठरलंय, केलं नाही तर हळूहळू मूठ मिटत जाईल, आणि केलं तरी बोटांचा वेग पूर्वीसारखा येईलच अशी खात्री डॉक्टर देत नाहीत. यातलं एक अक्षर तू मला कळवलं नाहीस. त्यावरून आपण सावकाश भांडू.

आता काम. आमच्या कंपनीत स्क्रीनवरची स्वरलिपी बनते हे तुला माहीत आहे. वाचता येते, आणि बटण दाबलं की वाजतेही. या वर्षी माझ्याकडे नक्षीचा भाग आलाय. सरळ सूर प्रोग्रॅमला समजावणं सोपं आहे, कोणता आणि किती वेळ एवढं सांगितलं की झालं. पण मुख्य सुराला लागायच्या आधी जो इवलासा सूर शिवून जातो तो कण, किंवा तीन-चार सूर एका झटक्यात गुंडाळणारी मुरकी, हे कोडमध्ये कसं मांडायचं यावर आम्ही सगळे डोकं खाजवतोय.

मला त्यासाठी तुला व्हायोलिन शिकवणाऱ्या बाईंच्या चाली हव्या आहेत. बाई गेल्यानंतर त्या पुऱ्या येतात अशी तू एकटीच उरली आहेस, आणि त्यांचा निम्मा जीव नक्षीतच आहे. एप्रिलच्या आत सगळ्या रेकॉर्ड करून पाठव. मी त्या अशा लिहीन की तुझ्या वर्गातल्या मुलांना तू समोर नसलीस तरी वाजवता येतील. नाही म्हणू नकोस, कारण आमच्या टीमप्रमुख बाईंना मी तुझा होकार कळवून बसले आहे.

तुझी,
टिकटिक


१७ जानेवारी

टिकटिक,

आधी होकार कळवायचा आणि मग विचारायचं ही तुझी खोड पाळण्यातली आहे. तुझ्या आईने वेळीच कान पिळले असते तर आज मला हे पत्र लिहावं लागलं नसतं.

हाताचं कळवलं नाही, कारण कळवून तो बरा होणार नव्हता. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट सकाळी सरळ करायला दुसऱ्या हाताची मदत लागते. व्हायोलिन हातात घेतलं की मात्र बोटं आपोआप वळणावर येतात, तेव्हा अजून अडत नाही.

तुझ्या कोडबिडावर माझा विश्वास नाही, हे स्पष्ट सांगते. बाईंनी जन्मात एक ओळ लिहून दिली नाही. त्या समोर बसायच्या, पायाने ठेका धरायच्या, आणि आपला कण चुकला की पाय थांबायचा. बस्स, एवढंच. पाय थांबला की आपण ती ओळ पुन्हा पहिल्यापासून घ्यायची. मीही मुलांना तसंच शिकवते. कण कसा लागतो ते मी सांगू शकत नाही, मी तो वाजवून दाखवते.

आणि नेमकी तिथेच माझी गोची झाली आहे. हात मिटला तर दाखवणार कशाने? गेले काही महिने मला याची भीती वाटते. हे तुझ्या आईला सांगू नकोस, ती लगेच बॅग भरून इथे येऊन बसेल.

म्हणून रेकॉर्डिंग सुरू केलं आहे. खाली सायकलवाल्याचं दुकान, त्याची ठोकाठोक, त्यामुळे खिडक्या लावून घ्याव्या लागतात आणि खोलीची भट्टी होते. तुझे काका फोन धरून उभे राहतात, तेही असे की कुणी हातात तापलेलं भांडं दिलंय. त्यांना सुरातलं ओ की ठो कळत नाही, पण प्रत्येक चालीनंतर मान डोलावतात. पहिल्या बारा चाली पाठवते आहे. जे करायचं ते नीट कर. अर्धवट करणार असशील तर हात लावू नकोस.

मावशी


२० फेब्रुवारी

मावशी,

सोबत एक टॅब्लेट पाठवला आहे. घाबरू नकोस, शाळेतल्या पाटीसारखाच आहे, फक्त याला पुसायला फडकं लागत नाही. काकांना चालू करायला सांग. त्यात तुझ्या पहिल्या सहा चाली आहेत. ओळीवर बोट ठेवलं की ती वाजते आणि खाली ठेक्याची टकटकही ऐकू येते.

महिनाभर दुसरं काही केलेलं नाही. ऑफिसमधल्या माझ्या टेबलाला लागून प्रिंटर आहे आणि त्याच्या घरघरीत तुझे कण ऐकून ऐकून माझे कान लाल झालेत. आधी आमच्याकडे नक्षीची ठरावीक चिन्हं होती, त्यात तुझी एकही मुरकी बसेना. मग मी नवी मांडणी केली. प्रत्येक नक्षी एका मुख्य सुराला टांगायची, आणि तिच्यापुढे लिहायचं की तिच्यात कोणकोणते सूर आहेत, कोणत्या क्रमाने, किती जलद, आणि त्यातला कोणता दाबून वाजतो. एकेका मुरकीला चार-चार ओळी लागल्या. प्रमुख बाई म्हणाल्या, एवढं बारीक कोण बघणार? मी म्हटलं, माझी मावशी.

आता ऐक आणि मला शाबासकी दे. मशीन अगदी तू वाजवलंस तसंच वाजवतं, केसाचाही फरक नाही. स्वतःलाच ऐकते आहेस असं वाटेल.

उरलेल्या चाली पाठव. आणि चुका काढ. चुका काढल्याशिवाय तुला चैन पडणार नाही हे ठाऊक आहे, म्हणून पानांना भरपूर समास सोडला आहे.

तुझी,
टिकटिक


१ मार्च

चि. टिकटिक,

पाटी मिळाली. सहाही चाली ऐकल्या. तू फार मेहनत घेतली आहेस. सगळं छान झालं आहे, बदलण्यासारखं मला काही दिसलं नाही.

उरलेल्या चालींची आता घाई नको. तुला तुझी बाकीची कामं असतील. तब्येतीला जप.

मावशी


५ मार्च

मावशी,

बदलण्यासारखं काही नाही, असं तू लिहिलंस. तू. ते वाक्य मी प्रमुख बाईंना वाचून दाखवलं, आईला फोनवर वाचून दाखवलं आणि मग शेजारच्या टेबलावरच्याला, ज्याला तू कोण तेही माहीत नाही.

घाई मलाच आहे, त्यामुळे तू पाठवलेल्या बारापैकी उरलेल्या सहाही आता लिहायला घेतल्यात. बाकीच्यांची वाट बघते.

हवेत तरंगणारी,
टिकटिक


१२ मार्च

चि. टिकटिक हिस,

मी पत्रं लिहीत नाही हे तुला माहीत आहे. दुकानात चष्म्याचे नंबर लिहितो तेवढंच माझं लिखाण. पण आता गप्प बसणं बरोबर नाही. हे पत्र मी दुकानात बसून लिहितो आहे आणि तुझ्या मावशीला त्याचा पत्ता नाही. लागूही देऊ नकोस, नाहीतर माझी धडगत नाही.

ती वाजवत नाही. पाटी आली त्या दिवशी तिने सगळ्या चाली ऐकल्या, मग परत ऐकल्या, मग पायाने ठेका धरून ऐकल्या. मला वाटलं खूश आहे. संध्याकाळी व्हायोलिन पेटीत ठेवलं आणि पेटी कपाटावर टाकली. दुसऱ्या दिवशी मुलांच्या आयांना सांगितलं की वर्ग बंद.

मी विचारलं तर आधी खेकसली. मग म्हणाली, "माझी बोटं ठेक्याच्या मागून पोचतात. प्रत्येक कणाला. मला कळलंच नाही, इतकी वर्षं मुलांना मी लंगडं शिकवत होते की काय कोण जाणे." मी म्हटलं, मला तर छानच ऐकू येतं. ती म्हणाली, तुम्हाला प्रेशर कुकरची शिट्टीही छान ऐकू येते, मशीन कुणाची भीड ठेवत नाही.

परवा तिने हॉस्पिटलला फोन करून ऑपरेशनची तारीख सोडून दिली. वाचवण्यासारखं काही उरलेलं नाही, मग कापाकापी कशाला, असं तिचं म्हणणं. डॉक्टरांनी सांगितलं होतं की उशीर केला तर हात उघडणार नाही. जेवणखाण उजव्या हाताने होईल, पण वाजवणं संपलं.

मला सुरातलं कळत नाही, पण तिचं कळतं. ती दिवसभर घर आवरते आहे. आवरायला घरात काही उरलेलं नाही तरी आवरते आहे. तुला काही करता आलं तर कर.

काका


१८ मार्च

मावशी,

काकांनी मला काही कळवलेलं नाही, आणि त्यांना त्यावरून बोललीस तर माझ्याशी गाठ आहे.

मी मूर्ख आहे. तू चूक काढली नाहीस तेव्हाच मला धडकी भरायला हवी होती, आणि मी ऑफिसभर नाचत होते. पण रडगाणं पुरे, काय झालं ते ऐक.

गेले चार दिवस मी तुझी रेकॉर्डिंग आणि मशीनचं वाजवणं शेजारी शेजारी ठेवून तपासते आहे. कण कितीही छोटा असला तरी त्याला थोडा वेळ लागतोच, आणि तो कुठून तरी घ्यावा लागतो. तू तो मागच्या सुराकडून घेतेस. मागचा सूर किंचित आधी सोडतेस, कण उरकतेस, आणि मुख्य सूर बरोबर ठेक्यावर टेकवतेस. जवळजवळ प्रत्येक ठिकाणी, तुझ्या पायाच्या आवाजावर अगदी नेमका.

आमचा प्रोग्रॅम उलटं करतो. त्यात कण ज्या सुराला टांगलेला असतो त्याच्याच वेळातून आपला वाटा कापून घेतो. म्हणजे ठेक्यावर कण वाजतो आणि मुख्य सूर मागाहून धडपडत येतो. असं कुणी ठरवलं हे आता कुणालाच आठवत नाही, ते आधीपासून आहे. मी नक्षीबद्दल सगळं विचारलं, कोणते सूर, किती जलद, कुठे दाब. वेळ कुणाचा घ्यायचा हे विचारायचं मला सुचलंच नाही. आणि वर तुला लिहिलं की केसाचाही फरक नाही.

तू जे लंगडं ऐकलंस ते मशीन लंगडत होतं. तुझी बोटं ठीक आहेत.

मी मांडणीत एक नवी जागा केली आहे, प्रत्येक नक्षीपुढे आता लिहावं लागेल की तिचा वेळ मागच्याचा की पुढच्याचा. प्रमुख बाईंशी दोनदा वाजलं. एका बाईच्या सवयीपायी सगळा आराखडा हलवायचा का, असं त्या म्हणाल्या. मी सांगितलं की असं करायचं नसेल तर या चाली माझ्या नावावर बाहेर जाणार नाहीत, आणि नक्षीचं काम दुसऱ्या कुणाला द्या. मग त्यांना दोन्ही ऐकवलं. त्यांनी हेडफोन काढून ठेवला आणि म्हणाल्या, फक्त या संग्रहापुरतं. संग्रहापुरतं तर संग्रहापुरतं, बाकीचं मी नंतर बघते.

दुरुस्त केलेल्या चाली पाठवते आहे. हॉस्पिटलला आज फोन कर.

तुझी,
टिकटिक


२४ मार्च

टिकटिक,

तुझे काका माझ्या नजरेला नजर देत नाहीत, त्यावरून काय समजायचं ते समजले.

नव्या चाली ऐकल्या. सुरेख वाजतात. आता मला एक सांग, मी मशीन ऐकून खचले हे कळल्यावर तू चार दिवसांत मशीनच बदललंस आणि म्हणालीस की तुझी बोटं ठीक आहेत. माझ्या जागी तू असतीस तर काय समजली असतीस? लहान मूल पडलं की आपण जमिनीला चापट मारतो. मी लहान मूल नाही.

तू प्रेमाने केलंस, मला माहीत आहे. पण मी आयुष्यभर मुलांना खोटी शाबासकी दिली नाही आणि या वयात घेणारही नाही. हात माझा आहे. त्याचं काय करायचं ते मी ठरवलं आहे. यावर आता पत्र नको.

मावशी


२८ मार्च

मावशी,

पत्र नको म्हणालीस, म्हणून हे थोडक्यात.

माझ्यावर विश्वास ठेवू नकोस. नवीन चाली पुसून टाक हवं तर. पाटीवर जुन्या सहा अजून तशाच आहेत, मी त्यांना बोटही लावलेलं नाही. व्हायोलिन कपाटावरून खाली काढ आणि त्या जुन्या चालींबरोबर वाजव. नेहमी वाजवतेस तसं, ठेका पायाने धरून. पाय टकटकीबरोबर आहे की पुढे पळतोय ते काका बघतील. त्याला सुरातलं कळावं लागत नाही, डोळे लागतात, आणि डोळे हा त्यांचा धंदाच आहे.

मशीन जर तुझी खरी नक्कल असेल तर मुख्य सुरावर तुम्ही दोघी एकदम पोचाल. तुझी बोटं तेव्हापेक्षा बिघडली असतील तर तू तिच्या मागे राहशील. पण ठेका न सोडता तू तिच्या आधी पोचलीस, तर उशीर कुणाचा ते तू ठरव. मी पुन्हा एक शब्द बोलणार नाही.

खोटी शाबासकी द्यायला मी तुझी विद्यार्थिनी नाही, तुझी भाची आहे. मी सात वर्षांची असताना तू मला वर्गातून काढून टाकलंस, कारण माझा कान चांगला आणि हात दगड होता. तेव्हा मला जसं तोंडावर सांगितलंस तसं आता स्वतःला सांग, जे निघेल ते.

टिकटिक


६ एप्रिल

टिकटिक,

तीन दिवस तुझं पत्र टेबलावर तसंच पडू दिलं. चौथ्या दिवशी तुझे काका स्टूल घेऊन आले आणि न विचारता पेटी खाली काढली. इतक्या वर्षांच्या संसारात त्यांनी न विचारता केलेली ही पहिली गोष्ट असावी.

तारा पार उतरल्या होत्या. लावल्या. हे माझ्या पायासमोर जमिनीवर बसले, चष्मा पुसून, जणू माझ्या पायाचा नंबर काढायचा आहे. पहिली चाल लावली. पहिल्याच कणाला मी पोचले आणि मशीन मागून आलं. मला वाटलं मीच पळाले. ह्यांच्याकडे पाहिलं, ते म्हणाले, "पाय टकटकीवरच आहे." पुन्हा वाजवलं. पुन्हा तेच. दुसरी चाल, तिसरी, पाचवी. मी सुरावर जाऊन बसलेली आणि ते आपलं मागून येतंय.

मला राग आला. पाटीचा आला, तुझाही आला, पण सगळ्यात जास्त स्वतःचा, की बाईंच्या हाताखाली तयार झालेला कान बाजूला ठेवून मी त्या काचेचं ऐकलं. मग रडू आलं. ह्यांना वाटलं हात दुखतोय, धावत गरम पाणी घेऊन आले.

आता दुसरी गोष्ट. चौथ्या चालीत काही कण करंगळीने घ्यावे लागतात. तिथे मी आणि मशीन एकदमच पोचलो. सहावीतही तसंच. मी ते पुन्हा पुन्हा वाजवून पाहिलं. तिथे माझी करंगळी खरंच उशिरा येते. तुला हे दिसलं होतं. तू "जवळजवळ प्रत्येक ठिकाणी" असं लिहिलंस, आणि तू उगाच शब्द टाकणारी मुलगी नाहीस. लपवलंस, त्याबद्दल एक धपाटा शिल्लक आहे. पण खरं सांगू, ते सापडलं तेव्हा मला बरं वाटलं. सगळंच चांगलं निघालं असतं तर मी पुन्हा संशय घेतला असता. आता नेमकं काय गेलंय आणि काय शाबूत आहे ते मला माहीत आहे.

हॉस्पिटलला फोन केला. तिथल्या मुलीने आधी खूप झापलं, मग कुणाचीतरी रद्द झालेली जागा दिली. येत्या मंगळवारी. तोवर उरलेल्या सगळ्या चाली रेकॉर्ड करून होतील. रोज सकाळपासून बसते आहे. सायकलवाल्याला जाऊन सांगितलं की मंगळवारपर्यंत ठोकाठोक दुपारनंतर करायची, तो बिचारा हो म्हणाला. मुलांना परवापासून परत बोलावलं आहे. हाताला बँडेज असेल तेव्हा पाटी वाजवेल आणि मी पायाने ठेका धरेन. तुझ्या प्रमुख बाईंना सांग की ही एका बाईची सवय नाही. माझ्या हाताखालून गेलेलं प्रत्येक पोर असंच वाजवतं, आणि हवं तर मी त्यांना सगळ्यांना त्यांच्या ऑफिसात पाठवते.

आणि हे नीट वाच. करंगळीचे कण रेकॉर्डिंगमध्ये आहेत तसे लिहू नकोस. तिथे रेकॉर्डिंग खोटं आहे. तिथेही वेळ मागच्या सुराचाच घ्यायचा, असं लिही. मी कशी वाजवते ते तुझ्या कोडमध्ये नको, मी कसं शिकवते ते हवं.

पट्टी निघून हात उघडला की लगेच मी तू नव्याने लिहिलेली चौथी चाल त्या पाटीबरोबर वाजवणार आहे. तेव्हा मशीन पुढे असेल आणि मी मागे. असू दे. गाठायचं कुणाला, हे तरी करंगळीला कळेल.

मावशी